बेळगाव सीमाभागातल्या हिंदू श्रद्धा आणि रीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून नोकरीसाठी पुण्याला-बेंगळूरला गेलेली मुलं, लग्न होऊन इकडे आलेल्या सुना आणि आजी-आजोबा गेल्यावर घरातलं देवाधर्माचं सगळं अंगावर पडलेली जोडपी हे प्रश्न सतत विचारतात. उत्तरं देताना शास्त्र काय म्हणतं ते सांगितलंच आहे, पण आपल्या गावात प्रत्यक्ष काय करतात याला जास्त जागा दिली आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं टाळलं असून तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिंदू धर्म कुणी स्थापन केला? आपला एकच धर्मग्रंथ कोणता?

संस्थापक कुणी नाही आणि सगळ्यांवर बंधनकारक असा एकच ग्रंथही नाही. वेद आणि उपनिषदं सर्वांत जुनी. त्यानंतर रामायण, महाभारत, त्यातली भगवद्गीता आणि पुराणं. मराठी घरांत शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी आणि तुकोबांचे अभंग, शेजारच्या कानडी घरांत शरणांची, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या परंपरेतल्या लिंगायत संतांची, वचनं आणि पुरंदरदासांची पदं यांना तोच मान असतो. मात्र आपल्याकडची बहुतेक माणसं धर्म शिकतात ते देवघरात, स्वयंपाकघरात आणि यात्रेत. म्हणून पोथी वाचली नाही याचं दडपण घेऊ नका. घरातली रीत समजून घ्या, पोथी पुढे आपोआप हाताशी येते.

२. देव एक की अनेक? आणि मूर्ती म्हणजेच देव का?

दोन्ही उत्तरं परंपरेला मान्य आहेत. शंकराचार्यांच्या अद्वैतात ब्रह्म एकच, जीव त्याहून वेगळा नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतात जीव आणि देव कायम वेगळे. रामानुजाचार्यांचं विशिष्टाद्वैत म्हणतं, जीव वेगळा असला तरी देवाचाच अंश. यांतल्या दोन मतांची मोठी पीठं कर्नाटकातच आहेत: शृंगेरी आणि उडुपी.

मूर्तीचं म्हणाल तर चतुर्थीचा गणपती पाहा. कुंभाराच्या घरी रंग वाळत असतो तेव्हा ती मातीची मूर्ती असते. प्राणप्रतिष्ठा झाली की घरातलं लहान मूलही तिच्याकडे पाठ करून बसत नाही. उत्तरपूजा झाली की तीच मूर्ती आपण कपिलेश्वराच्या तलावात विसर्जित करतो. देवाला आपण मूर्तीत बोलावतो आणि निरोपही देतो. देव मूर्तीपुरता आहे असं कुणी मानत नाही.

३. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष हे थोडक्यात सांगाल का?

केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागतं, या जन्मी नाही तर पुढच्या. जन्म-मरणाच्या या फेऱ्यातून सुटणं म्हणजे मोक्ष. त्याचे मार्ग म्हणून ज्ञान, कर्म आणि भक्ती सांगितले आहेत, आणि सीमाभागातल्या सामान्य माणसाने त्यातला भक्तीचा धरला. संसार सोडावा लागतो असंही नाही: धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे चार पुरुषार्थ आहेत, त्यात कमावणं आणि घर चालवणं येतंच.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कुणाच्या घरी आजारी किंवा अपंग मूल जन्मलं की ‘मागच्या जन्मीचं’ म्हणणारे लोक भेटतात. कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःच्या वागण्याला लावायचा आहे, दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवायला नव्हे.

४. कुलदैवत, ग्रामदैवत आणि इष्टदैवत यांत फरक काय?

कुलदैवत भावकीचं. ते वडिलांकडून येतं, गाव बदललं तरी बदलत नाही. आपल्या भागात तुळजाभवानी, जोतिबा, खंडोबा, कोल्हापूरची अंबाबाई, सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का ही नावं वारंवार ऐकू येतात. गोव्याकडून आलेल्या घराण्यांची कुलदैवतं अजून गोव्यातच आहेत, मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशी.

ग्रामदैवत गावाचं. त्या शिवारात राहणाऱ्या प्रत्येकाचं, जात कुठलीही असो, भाषा कुठलीही असो. वडगावची मंगाई, येळ्ळूरची चांगळेश्वरी, मलप्रभेच्या उगमावरची कणकुंबीची माउली ही अशी दैवतं. शहागडहून किंवा शिमोग्याहून बदली होऊन वडगावात राहायला आलेल्या माणसाचीही मंगाई होते.

इष्टदैवत तुमचं स्वतःचं. दत्त आवडतो म्हणून नृसिंहवाडीला जाता, ते इष्टदैवत. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि त्यामुळे कुलदैवत रागावतही नाही.

५. आमचं कुलदैवत कोणतं हे घरात कुणालाच ठाऊक नाही. कसं शोधायचं?

आधी देवघरातले टाक पाहा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली देवाची छोटी प्रतिमा. वर्षानुवर्षं घासून चेहरे पुसट झालेले असतात, तरी बोटाने चाचपलं तर उठाव लागतो. घोड्यावर बसलेला, मागे बाई आणि पायाशी कुत्रा असेल तर खंडोबा. आठ हात आणि खाली महिषासुर असेल तर भवानी. नुसता हातात ढाल-तलवार घेतलेला पुरुष बहुधा घराण्यातला वीर असतो, त्याला कुलदैवत समजू नका.

टाक नसतील तर मूळ गावच्या भावकीला विचारा, त्यातही म्हाताऱ्या आत्यांना. लग्नातल्या गोंधळात कोणत्या देवांना आवतण दिलं जायचं ते त्यांच्या लक्षात असतं. तिसरी वाट तीर्थक्षेत्रांची. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या पणजोबांची नोंद निघू शकते, आणि तिथून मूळ घराणं कळलं की भावकी सापडते.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर ग्रामदैवताला मानून चाला. फोनवर जन्मतारीख विचारून कुलदैवत ‘काढून’ देणाऱ्यांना पैसे देऊ नका. कुलदैवत जन्मतारखेवरून ठरत नाही.

६. रोजची पूजा किमान किती करावी? संस्कृत येत नाही.

सकाळी आंघोळ करून देवांना पाणी, गंध, फूल, दिवा, आणि घरात असेल तो गोडाचा किंवा दूध-साखरेचा नैवेद्य. संध्याकाळी दिवा. एवढी पूजा पूर्ण पूजा आहे. ज्यांना सवड आहे ते आवाहनापासून सोळा उपचार करतात. मंत्र येत नसतील तर मराठीत नाव घ्या, कानडीत घ्या. यल्लम्मेचे जोगती, म्हणजे देवीला वाहिलेले भक्त, एका तारेच्या चौंडक्यावर जी गाणी म्हणतात त्यात संस्कृत नावालाच असतं.

७. यल्लम्मा कानड्यांची, जोतिबा मराठ्यांचा, असं काही असतं का?

नाही. आणि आपल्या भागाइतकं हे दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नसेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. यात्रा मात्र जुन्याच वाटांनी चालू राहिल्या. मार्गशीर्षात कोल्हापुरातून गाड्या भरभरून सौंदत्तीला येतात. चैत्र पौर्णिमेला इथल्या सासनकाठ्या जोतिबाच्या डोंगरावर जातात. माघात चिंचलीच्या मायाक्काला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात. मंगसुळीच्या खंडोबाला मराठी माणूस मल्हारी म्हणतो, कानडी माणूस मैलार म्हणतो, आणि दोघेही भंडारा उधळून पिवळे होऊनच परततात.

मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते कृष्णाकाठचं. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही. तो नंदी नदीपलीकडे यडूरला आहे असं लोक सांगतात. खिद्रापूर महाराष्ट्रात, यडूर चिकोडी तालुक्यात, कर्नाटकात. देव एका राज्यात, वाहन दुसऱ्या राज्यात, आणि भाविक दोन्हीकडे जातात.

विठ्ठलाची गोष्टही तशीच. ज्ञानेश्वरांनी त्याला कानडा म्हटलं, आणि पुरंदरदासांनी कानडीत रचलेल्या पदांवर आपली मुद्रा, म्हणजे कवीची सही, ‘पुरंदरविठ्ठल’ अशी उमटवली. सीमेचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे, त्यावर बोलावंच, पण त्यात देवांना ओढू नये.

८. गावच्या यात्रेतली लक्ष्मी म्हणजे विष्णूची लक्ष्मीच का?

नाव तेच, आता पूजाही बरीचशी तशीच होते, पण मुळात ही ग्रामदेवता आहे. कानडी गावांत जिला द्यामव्वा म्हणतात तिच्या आणि आपल्या लक्ष्मीच्या यात्रेचा बाज सारखाच असतो. क्षीरसागरात शेषावर पहुडलेल्या विष्णूचे पाय चुरणारी लक्ष्मी वेगळी. ही गावाच्या शिवेची राखण करणारी, पटकी-प्लेगसारख्या साथी बाहेर ठेवणारी आई आहे.

ही यात्रा दरवर्षी नसते. पाच, नऊ, बारा वर्षांनी होते, काही गावांत त्याहूनही उशिरा, म्हणून एका माणसाच्या आयुष्यात ती मोजक्याच वेळा येते. आधी पंच मंडळी देवीला फूल लावून कौल, म्हणजे तिची संमती, घेतात. देवीची लाकडी मूर्ती रंगवली जाते. पहाटे अक्षतारोपण, म्हणजे देवीचं लग्न. ज्या गल्लीत मांडव असतो तिथे सूर्य उगवताना हजारो हात एकदम अक्षता टाकतात. मग रथ निघतो. दोर ओढायला पोरंसोरं, वर भंडाऱ्याचा ढग. रथ अरुंद बोळाच्या वळणावर आला की सुतार-लोहार मंडळी चाकाखाली लाकडी उटी घालत त्याला वळवतात, आणि तेवढा वेळ सगळा गाव श्वास रोखून बघतो. देवी गदगेवर, म्हणजे तिच्या आसनावर, बसली की काही दिवस ओट्यांची रांग लागते. शेवटच्या दिवशी तिला शिवेकडे नेतात, बऱ्याच गावांत तिथे उभारलेली झोपडी किंवा मांडव पेटवला जातो आणि यात्रा संपते.

ओटीत खण घालायचा तो शक्यतो गुळेदगुड्डचा घ्या. तिथल्या विणकरांचं पोट या ओट्यांवरही चालतं.

९. ‘वार पाळायचा’ म्हणजे काय? आम्ही बाहेरगावी राहतो, आम्हालाही लागू आहे का?

यात्रेआधी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर गावकी ठराविक वार जाहीर करते, बहुधा मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, शेतात कामाला जायचं नाही. काही गावांत दळण-कांडण आणि धुणंही बंद. गावाने एकत्र घेतलेला हा नेम आहे. तो गावाच्या शिवेच्या आत लागू, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नाही. श्रद्धेने कुणी तिथेही पाळलं तर उत्तम. गावात असताना मात्र पाळा. दवाखाना, परीक्षा, जनावरांचा चारा-पाणी याला कुठल्याही वारात मनाई नसते. कुणी तशी केली तर पंचांशी बोला.

१०. सौंदत्तीला कधी जायचं? दोन पौर्णिमा ऐकतो. आणि पडली भरणं म्हणजे काय?

मार्गशीर्ष पौर्णिमेला रांडाव पुनव म्हणतात. कार्तवीर्याने जमदग्नी ऋषींना मारलं आणि रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, विधवा झाली, ती कथा त्या दिवशी पाळतात, देवीचं कंकण उतरतं. माघ पौर्णिमा ही अहेव पुनव, देवीला पुन्हा सौभाग्य मिळतं. कुठल्या पुनवेला जायचं ते प्रत्येक घराचं ठरलेलं असतं. ठरलेलं नसेल तर वर्षात कधीही जा. डोंगर चढण्याआधी पायथ्याच्या जोगळभावीवर आंघोळ करून सत्यम्मेचं दर्शन घ्यायची रीत आहे.

यात्रा करून आलं की घरी पडल्या भरतात. पडली म्हणजे देवीची परडी. घराच्या रीतीप्रमाणे पाच किंवा अधिक परड्या ओळीने मांडायच्या. प्रत्येकीत भाकरी, तिच्यावर वांग्याची भाजी, बाजूला मेथी, घुगऱ्या, कांद्याची पात, गाजराचा तुकडा, लिंबू. जोंधळ्याची आंबील वेगळ्या भांड्यात. ती आदल्या दिवशी भिजवून आंबवलेली असते, त्यामुळे सगळं घर त्या आंबूस वासाने भरतं. परड्यांना भंडारा लावला, चौंडकं वाजलं, ‘उदो उदो’ झालं की त्या जोगतिणींना आणि सुवासिनींना द्यायच्या आणि मग घरच्यांनी जेवायचं. यात सोन्या-चांदीचं काही नाही. शेतात त्या हंगामात जे पिकतं तेच देवीपुढे येतं.

११. मुलीच्या केसांत जट झाली आहे. ‘यल्लम्माचं बोलावणं आहे, कापू नका’ म्हणतात. काय करावं?

जट कापा. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, घाम, तेल आणि धूळ बसत गेली की केसांचा गुंता होऊन जट बनते. ती कापल्याने कुणाला काही होत नाही. मन धजत नसेल तर देवीला नारळ फोडून कापा, पण कापा. तिच्या ओझ्याने मान दुखते, उवा होतात, शाळेत मूल एकटं पडतं.

हे इतकं ठासून सांगायचं कारण दुसरं आहे. जट हे निमित्त करून मुलींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधून त्यांना देवदासी म्हणून देवीला सोडलं जायचं, आणि पुढे त्यांचं काय व्हायचं हे या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुंबई प्रांतात याविरुद्ध १९३४ साली कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होतं. कर्नाटकाने १९८२ साली स्वतंत्र कायदा करून मुली सोडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला, आणि आई-बापांनी सोडलं तर शिक्षा आणखी कडक. मूल अडचणीत असल्याचा संशय आला तरी १०९८ या क्रमांकावर फोन करा.

जुन्या जोगतिणींना आणि जोगप्पांना मात्र मानाने वागवा. आपल्याकडची यल्लम्माची गाणी त्यांनी जपली आहेत.

१२. पूजा कुणी करायची: भट, गुरव की जंगम? देवळात सगळ्यांना जाता येतं का?

घरच्या पूजेला कुणीच लागत नाही (प्रश्न ६). लग्न, वास्तुशांत, श्राद्ध याला भटजी. गावच्या महादेवाला, मारुतीला बहुधा गुरव, आणि काही देवळांत जंगम स्वामी, म्हणजे लिंगायत पुरोहित. ग्रामदेवतेचे पुजारी अनेकदा शेतकरी किंवा इतर समाजातले असतात, त्यांची पाळी ठरलेली असते.

देवळात सगळ्यांना जाता येतं. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा, अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने संपवलेली. यात्रेत प्रत्येक समाजाचा काहीतरी मान असतो असं आपण अभिमानाने सांगतो. पण एखाद्या समाजाला फक्त वाजवण्याचा आणि उचलण्याचा मान देऊन गाभाऱ्याबाहेर उभं करायचं, हा मान नव्हे. जिथे अजून तसं चालतं तिथल्या तरुणांनी पंचांपुढे हा विषय काढलाच पाहिजे.

१३. शेजारचे कानडी लोक बैलांचा सण आमच्या आधी करतात. त्यांचं पंचांग वेगळं आहे का?

पंचांग एकच. मराठी आणि कानडी दोघांचेही महिने अमावस्येला संपतात, दोघेही शालिवाहन शक मानतात. त्यामुळे आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी येतात. बैलांच्या सणाची चाल तेवढी वेगळी. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, त्याला कारहुणवी म्हणतात. महाराष्ट्राकडचा बेंदूर आषाढात, आणि पोळा श्रावणातल्या अमावस्येला. सीमेवरच्या काही गावांत एकाच गल्लीत दोन घरं दोन दिवशी बैल सजवतात. तुमच्या घरचा दिवस बैलाच्या मालकाला ठाऊक असतो, कॅलेंडर बघायला नको.

१४. दिनदर्शिकेत लागोपाठ दोन दिवस एकादशी का असते? उपवास कधी करायचा?

एक स्मार्त, दुसरी भागवत. साधारण नियम असा: सूर्योदयाला एकादशी असेल तो दिवस स्मार्तांचा. वैष्णव मात्र पहाटे अरुणोदयाच्या वेळी दशमी शिल्लक असेल तर तो दिवस सोडतात आणि दुसऱ्या दिवशी उपवास करतात. घरी जे चालत आलं आहे ते करा. माहीत नसेल तर कुठलीही एक धरा आणि मग दरवेळी तीच पाळा.

१५. वडिलांनी माळ घातली आहे, आणि गावच्या यात्रेत बकरं पडतं. घरात भांडण होतं. काय करावं?

तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटली, एकादशी आणि पंढरीची वारी लागली. आषाढात आपल्याकडे भाताच्या लावणीची घाई, म्हणून इथले बरेच शेतकरी कार्तिकी किंवा माघवारी धरतात. हा नेम घेणाऱ्याचा आहे, घरातल्या इतरांवर तो लादता येत नाही. तसंच माळकऱ्याला यात्रेच्या ताटावर बसवण्याचा आग्रह करणंही चूक. बहुतेक घरांत तोडगा निघालेला असतो: देवीचा नैवेद्य पुरणपोळीचा, तो सगळ्यांचा, आणि मटणाची चूल दुसऱ्या दिवशी, वेगळ्या भांड्यांत.

राहिला बळीचा प्रश्न. देवळात किंवा देवळाच्या आवारात पशुबळी देण्यास कर्नाटकात १९५९ च्या कायद्याने मनाई आहे. अनेक देवस्थानांत आता कोहळा किंवा नारळ फोडतात. देवीला ते चालत नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारा, कौल घेताना देवीला फूल चालतं, मग इथे नारळ का चालू नये?

१६. सोयर-सुतक किती दिवस? मध्येच यात्रा आली तर?

जन्माचं ते सोयर, मृत्यूचं ते सुतक. भावकीत साधारण दहा दिवस, मग दिवसकार्य. रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी. लग्न झालेल्या मुलीला माहेरचं कमी, बहुतेकांत तीन दिवस. या काळात देवघरातली पूजा शेजाऱ्याकडून किंवा भाचे-जावयांकडून करून घेतात.

यात्रा आली तर सुतक असलेलं घर ओटी भरत नाही, नैवेद्य करत नाही. लांबून हात जोडायला हरकत नसते. घरात देवीचा मोठा मान असेल तर भावकीबाहेरचा माणूस तो तेवढ्यापुरता चालवतो. पंचांना आधी कळवा म्हणजे धावपळ होत नाही. लिंगायत घरांत सुतक मानत नाहीत (प्रश्न १७), तेव्हा शेजारी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले म्हणून बोल लावू नका.

१७. पाळी असताना देवळात किंवा यात्रेत गेलं तर?

रूढी नको म्हणते आणि बऱ्याच घरांत अजून पाळतात. पण इथलीच दुसरी परंपराही पाहा. बाराव्या शतकात बसवण्णा आणि शरणांनी जन्म, मृत्यू, पाळी, उष्टं आणि जात या पाचही गोष्टींचा विटाळ नाकारला. म्हणजे ‘आपल्या संस्कृतीत असंच आहे’ हे म्हणणं अर्धंच आहे. स्त्रीने स्वतः ठरवावं. तिला थंडीत बाहेर झोपवणं, परीक्षेच्या दिवसांत कोपऱ्यात बसवणं, हे कुठल्याही देवाच्या नावावर खपवू नका.

१८. लिंगायत आणि जैन हिंदू आहेत का?

जैन हा स्वतंत्र आणि प्राचीन धर्म आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) रट्ट राजांच्या काळची, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. केंद्र सरकारने २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

लिंगायतांबद्दल त्यांच्यातच दोन मतं आहेत. गळ्यात इष्टलिंग, मूर्तिपूजेऐवजी तळहातावरच्या लिंगाची पूजा, दहनाऐवजी दफन, वेदांऐवजी वचनं ही वेगळेपणाची अंगं. दुसरीकडे वीरशैव म्हणवणारे अनेकजण स्वतःला शैव परंपरेतलेच मानतात. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने स्वतंत्र धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली, केंद्राने ती मानली नाही. आपण काय करायचं? समोरचा माणूस स्वतःला जे म्हणवतो ते मान्य करायचं.

१९. आमच्या घरी पिराला नवस आहे. हिंदूंनी तो चालवावा का?

तुमच्या आजोबांनी चालवला असेल तर चालवा. मोहरमचे पंजे हिंदू घरांतली माणसं उचलतात, उरुसाला मलिदा नेतात, आणि ग्रामदेवतेच्या यात्रेत मुसलमान घरांनाही मान असतो, हे या भागात पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. त्यामुळे कुणी कमी हिंदू झाला नाही.

२०. मुलगा मराठा, मुलगी लिंगायत. लग्न कुठल्या पद्धतीने? कुलदैवत कुणाचं?

हिंदू विवाह कायदा, १९५५ लिंगायतांनाही लागू आहे, आणि वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रीतीने लागलेलं लग्न त्याला चालतं. सप्तपदी ज्या रीतीत आहे तिथेच ती आवश्यक. दोन्हीकडचं थोडं थोडं करायचं असेल तर आधी भटजी आणि स्वामी दोघांना समोरासमोर बसवून क्रम ठरवा. ऐन मांडवात ठरवायला गेलं की पाहुणे ठरवतात.

कुलदैवत रूढीने नवऱ्याकडचं. पण मुलीचं इष्टलिंग तिने काढून ठेवावं असा आग्रह धरू नका. ती तिची दीक्षा आहे, दागिना नव्हे. सासरच्या देवघरात तिला रोज लिंगपूजेला दहा मिनिटं शांत जागा मिळाली की बहुतेक कुरबुरी मिटतात. आणि अवघड वाटलं तरी एक बोलून ठेवा: पुढे कधी दहन की दफन. वेळ आल्यावर दोन्हीकडचे लोक दारात वाद घालतात आणि ते फार वाईट असतं.

२१. आई वारली. तिने सौंदत्तीला नवस बोलला होता, पण काय बोलली ते कुणालाच माहीत नाही. आता?

राहिलेला नवस मुलांनी फेडावा अशी रीत आहे. नवस नेमका काय होता ते माहीत नसेल तर ओटी, नैवेद्य आणि गाऱ्हाणं एवढं पुरतं: आईचं नाव घेऊन सांगायचं की जे बोललं असेल ते पावतं करून घे. बळी किंवा लिंब नेसण्यासारखं (कपड्यांऐवजी लिंबाचा पाला नेसून देवीला जाणं) काही बोललेलं निघालं तरी ते करायचं नाही, त्याऐवजी नारळ किंवा अन्नदान. मुलगी सोडण्याचं बोललं असेल तर तो नवसच नव्हे (प्रश्न ११).

कधी जायचं याला दोन चाली आहेत. काही घरं दिवसकार्य झाल्यावर जातात, काही वर्षश्राद्धापर्यंत थांबतात. ‘नवस राहिला म्हणून दोष लागलाय’ असं सांगून हजारो रुपयांची शांत सुचवणारे याच काळात भेटतात, त्यांना घरात घेऊ नका. दोन्ही पुनवा आणि मंगळवार-शुक्रवार टाळून साध्या दिवशी गेलात तर दर्शन निवांत होतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर पोचा. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि भंडारा घरूनच न्या.